गाडी खाली आणायची, पण पाटे काढून नाही



आज टोमॅटोवर लिहीत नाही, टोमॅटो ज्यातून मार्केटला जातात त्या गाडीवर लिहितोय. ज्यांना फक्त फवारणीचं पाहिजे त्यांनी पुढच्या आठवड्यात या. पण ज्यांच्या दारात पिकअप उभी आहे त्यांनी थांबा, कारण भांडण तुमच्याशीच आहे. माझ्याशीही आहे.

झालं असं. आमच्याकडे वडिलांनी 1996 साली घेतलेली पिकअप आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, पूर्वीचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत आहे. पुतण्या म्हणाला, काका, ही गाडी आता जुनी राहिली नाही, क्लासिक झाली. हिला मस्त रंग देऊ आणि चार-पाच इंच खाली बसवू. मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्या दाखवायला लागला. जमिनीला टेकल्यासारख्या. पारावर बसलेले आमचे सगळे हसले. एक जण म्हणाला, "खाली करून काय पोळ्याला मिरवायची का?" मीही हसलो. मोठ्यांदा हसलो, हे कबूल करतो.

रात्री झोप लागली नाही. कारण मला आमच्या मावशी आठवल्या.

मावशी म्हणजे बारा वर्षं आमच्याकडे टोमॅटो तोडायला येणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी आश्विनात, परतीचा पाऊस पडून गेलेला, बांधाजवळ सगळा चिखल. क्रेट उचलून हौद्याच्या कडेला टेकवायला गेल्या, पाय सरकला, क्रेट अंगावर. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्याचा खर्च मी केला, तीन महिने घरी बसल्याचे पैसेही दिले, ते काही उपकार नाहीत. आजही त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भेटायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "दादा, गाडी लई उंच हाय ओ तुमची."

तेव्हा मी चिखलाला दोष दिला. गाडी उंच म्हणजे काय, गाडी असते तेवढी असते, असं मनात म्हणालो. खोटं होतं ते. गाडी कंपनीनं दिली तेवढी नव्हतीच. मी उंच केली होती.

2011 ला द्राक्षं काढून टोमॅटो वाढवला तेव्हा तालुक्याच्या गावी जाऊन मागं दोन-दोन पाटे जादा टाकून घेतले. आपल्याकडं कोण टाकत नाही? नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी नारळ, मग देऊळ, मग थेट कमानवाल्याकडं. पाटे टाकल्यावर रिकाम्या गाडीचा मागचा भाग सव्वातीन इंच वर गेला. आधी हौदा जमिनीपासून 31 इंच, नंतर 34 च्या वर. माझ्यासारख्या पावणेसहा फुटी माणसाला तो कमरेला येतो. मावशींची उंची पाच फूट नाही. त्यांच्या तो छातीजवळ येतो. 20 किलोचा माल, वर क्रेटचं वजन, असे 22 किलो छातीपर्यंत उचलायचे, तेही चिखलात, दिवसाला साठ-सत्तर वेळा. आणि आपण म्हणतो, हल्ली बाया कामाला मिळत नाहीत.

तर पुतण्याला हसलेल्या सगळ्यांना माझा पहिला प्रश्न हा आहे. पोरगं शोसाठी गाडी चार इंच खाली आणतंय ते येडं, आणि आपण ओव्हरलोडसाठी तीन इंच वर नेली ते शहाणे? कंपनीनं दिलेली उंची दोघांनीही बदलली. त्याच्या बदलानं अजून कोणाचं हाड मोडलेलं नाही.

आता दुसरी बाजू. पुतण्याच्या बाजूनं बोललो म्हणून पोरांनी टाळ्या वाजवू नका. गावोगावच्या गॅरेजमध्ये गाडी खाली करायचे जे धंदे चाललेत ते बघून अंगावर काटा येतो.

पहिला धंदा, पाटे काढणे. समजा पाच पाटे आहेत, सगळे सारख्या जाडीचे. एक काढला की कमानीची ताकद पाचव्या हिश्श्यानं गेली आणि राहिलेल्या चौघांवर प्रत्येकी सव्वापट ताण आला. पाच जणांनी उचललेली पेटी चौघांनी उचलल्यासारखं. रिकाम्या गाडीत कळत नाही. क्रेट भरून सर्व्हिस रोडच्या खड्ड्यात आदळली की मेन पाटा डोळ्यापाशी तुटतो आणि एक्सल तिरका होतो. मग गाडी कुठं जाईल ते स्टिअरिंगच्या हातात राहत नाही.

दुसरा धंदा त्याहून वाईट. पाटा तापवून सरळ करणे. गॅसची बत्ती लावतात, लाल करतात, कमान बसली की झालं. अरे बाबांनो, आपण शेतकरी आहोत, हे आपल्याला कोणी शिकवायला पाहिजे का? कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो ते कशासाठी? पाणी उतरलेली कुऱ्हाड बाभळीवर मारली की धार वळते, पाणी जास्त झालं की तुकडा उडतो. पाट्याचं पोलाद तेच आहे. म्हणून तर आपले कोयते जुन्या गाडीच्या पाट्यातून बनतात. कारखान्यात त्याला मोजून तापवतात, मोजून थंड करतात, मग पुन्हा ठराविक उष्णतेवर नरमवतात. बत्तीनं लाल करून सोडलात की ते सगळं पुसलं गेलं. आपोआप थंड झाला तर मऊ पडतो आणि चार खेपांत बसतो. वरून पाणी ओतलं तर काचेसारखा होतो. दोन्हीकडून गेलात.

मग अमेरिकेतले लोक करतात ते काय? हे मी पुतण्याकडून दोन रात्री बसून समजून घेतलं. दहावी पास माणसाला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

तिकडं शेव्हरोलेची सी-10 नावाची पिकअप होती, 1960 च्या मॉडेलपासून. शेतावर, रँचवर राबलेली गाडी. तिच्या 1973 ते 87 या पिढीला मागं आपल्यासारखेच पाटे आहेत. कंपनीकडून एक्सल पाट्याच्या खाली बांधलेला येतो. गाडी खाली करणारे जाणकार पाट्याला हातच लावत नाहीत. ते एक्सल पाट्याच्या वर घेतात. तेवढ्यानं मागची बाजू पाच-सहा इंच खाली येते. पाटे तेच, संख्या तीच, पोलाद तेच. म्हणजे भार पेलायची पाट्याची ताकद होती तेवढीच राहिली.

इथपर्यंत ऐकून पोरं उठतात आणि गॅरेजला पळतात. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

भार पेलायला ताकद लागते, तशी जागाही लागते. गाडी भरली की पाटे दबतात, चॅसिस खाली येते, एक्सल आहे तिथं राहतो. समजा भरल्यावर कमान तीन इंच दबते आणि खड्ड्यात अजून दोन इंच. तर एक्सल आणि चॅसिसमध्ये पाच इंच मोकळी जागा पाहिजेच. तुम्ही एक्सल वर घेऊन ती जागाच खाऊन टाकली तर काय होईल? पाटा दबायच्या आधी एक्सल चॅसिसला भिडेल. मग भार पाट्यावर नाही, ठोक्यावर. प्रत्येक खड्ड्याला घणाचा घाव. पाटे शाबूत राहतील आणि चॅसिसला चीर जाईल. म्हणून ते लोक चॅसिसच्या बीमला एक्सलच्या बरोबर वर अर्धगोल खाच घेतात आणि कापलेल्या जागेभोवती जाड पोलादाची पट्टी वेल्डिंग आणि बोल्टनं पक्की करतात, म्हणजे एक्सलला वर जायला वाट मिळते. शॉकअप आखूड घालतात, रबरी बफर छोटे घालतात. शाफ्ट ज्या कोनात डिफरन्शियलला येतो तो कोन पुन्हा जुळवतात, नाहीतर क्रॉस महिन्यात खडखडायला लागतो. काही जण चॅसिस आणि एक्सलच्या मधे हवेचे फुगे बसवतात. माल भरला की हवा भरायची, गाडी पुन्हा पातळीत. रिकामी झाली की हवा सोडायची.

एवढं सगळं करूनही त्यांच्यातला शहाणा माणूस सांगतो की फुग्यानं गाडीची क्षमता वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक होते तेच आहेत. फुगा फक्त उंची सांभाळतो. हे वाक्य आपल्या कमानवाल्याच्या दुकानावर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, कारण जादा पाट्यालाही ते तसंच्या तसं लागू आहे. पाटे वाढवले म्हणून गाडी जास्त वजनाची झाली नाही. ती फक्त वाकत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की तिला झेपतंय.

एक बारीक गोष्ट सांगतो, ही बऱ्याच ड्रायव्हरना माहीत नसते. पुष्कळ मालगाड्यांना मागच्या ब्रेकच्या लाईनवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एक्सलकडून एक सळई जोडलेली असते. चॅसिस आणि एक्सलमधलं अंतर कमी झालं की व्हॉल्व्ह समजतो गाडी भरलेली आहे, आणि मागच्या चाकाला ब्रेक जास्त सोडतो. अंतर जास्त असलं की समजतो रिकामी, ब्रेक कमी सोडतो. आता बघा गंमत. व्हॉल्व्हची सेटिंग न बदलता गाडी खाली केली, तर रिकामी असताना पावसात ब्रेक मारला की मागची चाकं जाम, गाडी आडवी. आणि तुम्ही पाटे वाढवले, तर दीड टन माल भरूनही गाडी वरच उभी. व्हॉल्व्ह म्हणतो रिकामी आहे, मागचा ब्रेक अर्धामुर्धा. उतारावर गाडी थांबत नाही म्हणून आपण ब्रेक ऑइलला शिव्या देतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ओव्हरलोडला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. म्हणजे अमेरिकेची खाच आपल्याकडं रस्त्यावर चालायच्या गाडीला घेता येत नाही. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग जादा पाटे कुठल्या कलमात बसतात काका? मी गप्प.

आता साहेब लोकांना दोन शब्द. रागावू नका, तुमचे सल्ले ऐकूनच शेती करतो. काढणीपश्चात नुकसानीवर दरवर्षी शिबिर होतं. तोडणी सकाळी करा, सावलीत ठेवा, प्रतवारी करा, क्रेटमध्ये कागद घाला. सगळं बरोबर. पण हौदा किती उंच आहे हे एकाही शिबिरात कोणी टेप लावून मोजलेलं मी पाहिलं नाही. बाई थकली की क्रेट ठेवत नाही, ढकलते, आणि वरचा माणूस ओढतो. तिथंच खालच्या थराचं फळ दबतं. आणि कडक केलेली कमान रस्त्याचा प्रत्येक हादरा जसाच्या तसा वर देते. मागच्या बाजूच्या वरच्या क्रेटमधलं फळ सगळ्यात जास्त का नाचतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मग पिकअपचे जादा पाटे हा विषय तुमच्या कागदावर का नाही? तो फक्त आरटीओचा विषय आहे का?

2005 ला छोटा हत्ती आला तेव्हा लोक त्याच्या छोट्या बारा इंची चाकांना हसले होते. पण भाजीवाल्यांनी तो हातोहात घेतला. किंमत, ॲव्हरेज हे होतंच, पण हौदा खाली होता. एकटा माणूस भरू शकत होता. उंचीची किंमत ज्याला स्वतः उचलायचं असतं त्याला लगेच कळते.

मी काय केलं ते सांगतो. चार महिने झाले.

आधी आरसी बुक काढलं. गाडीचं एकूण मान्य वजन वजा रिकामं वजन, फरक 1,200 किलो. त्यात ड्रायव्हर आणि दोन माणसं आली, धरा 200. राहिले 1,000. बावीस किलोच्या हिशोबानं 45 क्रेट. मी भरत होतो 80. पंधरा वर्षं भरत होतो.

मग चारही जादा पाटे काढले. जुने कंपनीचे पाटे बसलेले होते, तापवून उठवायचा सल्ला एकानं दिला, त्याला हात जोडले आणि दोन्ही बाजूंना नवा सेट टाकला. यू बोल्ट नवे, सेंटर बोल्ट नवे. हौदा पुन्हा 31 इंचावर आला. व्हॉल्व्हची सळई कंपनीच्या मापाला लावली. पहिल्याच दिवशी पिंपळगावला जाताना गाडी वेगळीच वाटली. मऊ.

पण 31 इंचही मावशींना जास्तच आहेत. गाडीला अजून खाली न्यायचं नाही, मग काय करायचं? तर जमीन खाली न्यायची. पॅकिंगच्या शेडपुढं खड्डा घेतला, गाडी त्यात उभी करायची. एवढी सोपी गोष्ट पन्नाशी ओलांडल्यावर सुचली.

पहिल्यांदा फसलो, तेही लिहितो. खर्च वाचवायला फक्त चाकांपुरते दोन चर खणले, नऊ-नऊ इंच. गाडी मागं घेतली आणि खाडकन थांबली. मधल्या जमिनीवर डिफरन्शियलचा गोळा टेकला. पुतण्या इतका हसला की बास. पारावरचा हिशोब त्यानं पुरा केला. मग जेसीबी तासभर बोलावून सात फूट रुंदीचा सलग खड्डा घेतला. चारही चाकं सपाटीत उभी राहिली पाहिजेत, नाहीतर हौदा मागं कलतो आणि क्रेट सरकतात. म्हणून तळाची सपाट लांबी चौदा फूट, आणि पुढं निघायला आठ फुटांचा चढ. नऊ इंचाला आठ फूट म्हणजे भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये आरामात निघते. आपली काळी माती, नुसता खड्डा ठेवला तर पावसात गाडी तिथंच रोवली जाईल, म्हणून खाली दगड, वर मुरूम, चाकांच्या पट्ट्यात काँक्रीट. तळाला मागच्या कोपऱ्याकडं थोडा उतार आणि तिथून चार इंची पाईप थेट चारीत. पाईपच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर पाला बसतो. कडेला चुना मारलेले दगड, कारण रात्री पोरंसोरं धावतात.

हौदा आता कामगाराच्या पायापासून 22 इंचावर आहे. क्रेट गुडघ्याच्या थोडा वर उचलायचा आणि आत सरकवायचा. वरच्या थराला हौद्यात माणूस असतोच.

तोटा लपवत नाही. 80 क्रेटच्या दिवशी दोन खेपा लागतात. मार्केट अठरा किलोमीटर, म्हणजे छत्तीस किलोमीटर जादा, तीन लिटर डिझेल. आणि दुसरी खेप पोचेपर्यंत लिलाव पुढं सरकलेला असतो, भाव पाच-दहा रुपयांनी पडलेला असला तर क्रेटमागं तेवढं जातं. तेजीच्या दिवसात हे झोंबतं. शेजाऱ्याशी बोलून ठेवलंय, ज्या दिवशी त्याच्या गाडीत जागा असेल त्या दिवशी माझे पस्तीस क्रेट त्याच्यात, भाडं क्रेटवर. तोही पाटे काढायला अजून तयार नाही. म्हणतो, तुझं बघतो एक हंगाम.

मावशी या हंगामात परत आल्या. तोडणीला नाही, प्रतवारीला बसतात. पहिल्या दिवशी गाडी खड्ड्यात उभी बघून म्हणाल्या, "आता बुडवली व्हय?"

पुतण्याचं म्हणाल तर रंगाला मी होकार दिलाय. गाडी मूळ रंगात येईल, हौद्यावर वडिलांच्या हातची नक्षी होती तीही पेंटरकडून काढून घेऊ. उंचीला मात्र कोणी हात लावायचा नाही, ना वर ना खाली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं बऱ्याच जणांनी भेटल्यावर विचारलं. तिला नऊ इंचांनी काही होत नाही, आणि दोन चाकी ट्रॉली खड्ड्यात कलते, त्यामुळं हाच खड्डा तिथं चालणार नाही. कांद्याच्या चाळीसमोर उलटं करून, म्हणजे माणसासाठी ओटा बांधून बघतोय. पायाचे दगड आलेत. माप जमलं की लिहितो.